विश्लेषण : सिक्वेल आपटला, मग खापर नायिकेच्याच डोक्यावर का?

एकाच अभिनेत्रीचे पाच सिक्वेल आणि पाचही वेळा वेगळा निकाल. तरीही प्रत्येक वेळी चाहत्यांचा पहिला प्रश्न एकच असतो, 'हिला घेतलंच कशाला?' श्रद्धा कपूर आणि शर्वरी वाघ यांच्या कारकिर्दीकडे पाहिलं, की या प्रश्नातली गडबड लक्षात येते.

कनेरगाव नाका. हिंगोली-वाशीम रस्त्यावरचं, मराठवाडा संपून विदर्भ सुरू होतो तिथलं गाव. संध्याकाळची वेळ, वाशीमकडे जाणाऱ्या एसटीला उशीर झालेला. चहाच्या टपरीपुढच्या बाकड्यावर तीन मित्र एकाच मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेत. स्क्रीनवर 'बागी ४' सुरू आहे आणि बोट सारखं सिनेमा पुढे सरकवतंय.

"हीरोइन चुकली बघ. श्रद्धा असती ना, तर चालला असता पिच्चर," पहिला निकाल देतो.

"कायले? 'बागी ३'मध्ये होतीच की ती. तो तरी कुठं चालला? अन् 'रॉक ऑन २'? तुझी श्रद्धा ज्याच्या दुसऱ्या भागात जाते तो बुडतोच."

"मग 'स्त्री २' काय तुझ्या मामानं चालवला?"

आतापर्यंत गप्प बसलेला तिसरा चहाचा ग्लास खाली ठेवतो. "तो भुतानं चालवला."

हसण्यात वाद विरून जातो, तेवढ्यात गाडी येते. पण थट्टेतल्या या चार वाक्यांत हिंदी-मराठी सिनेमाच्या चाहत्यांचा एक जुना हिशेब दडलेला आहे. सिनेमा पडला तर नायिकेमुळे आणि चालला तर दुसऱ्या कशामुळे तरी.

वाद नेमका कशावरून?

गेल्या वर्षी दोन मोठ्या सिक्वेलनी चाहत्यांची निराशा केली. १४ ऑगस्ट २०२५ला 'वॉर २' आला. हृतिक रोशन, ज्युनिअर एनटीआर आणि कियारा अडवाणी अशी नावं असूनही त्याला २०१९च्या 'वॉर'चा भारतातला आकडा गाठता आला नाही. त्यानंतर तीन आठवड्यांनी, ५ सप्टेंबरला 'बागी ४' प्रदर्शित झाला. टायगर श्रॉफच्या या मालिकेतल्या आधीच्या तिन्ही भागांपेक्षा त्याची कमाई कमी राहिली.

सिनेमा आवडला नाही, तर तसं म्हणायचा प्रेक्षकाला पूर्ण अधिकार आहे. पण निराशा व्यक्त होते कशी, तेही बघायला हवं. 'वॉर २'चा टीझर आला तेव्हा कियाराच्या भूमिकेपेक्षा तिच्या कपड्यांवर जास्त चर्चा झाली. 'बागी ४' आला तेव्हा हरनाझ संधू आणि सोनम बाजवा यांची तुलना श्रद्धा कपूर आणि दिशा पटानी यांच्याशी सुरू झाली. पटकथा लिहिणारे कोण, दिग्दर्शक कोण, दुसरा भाग काढायचं कुणी ठरवलं, हे प्रश्न फार मागे राहिले.

शेतातली मोटर बंद पडली तर कोणताही शेतकरी पहिल्या झटक्यात 'मोटर जळाली' म्हणत नाही. आधी लाइट आहे का बघतो, मग फ्यूज, मग स्टार्टर, मग केबल. सगळं तपासून झालं की मोटरकडे वळतो. सिनेमाच्या बाबतीत मात्र ही साधी पद्धत आपण विसरतो आणि सगळ्यात आधी नायिकेलाच खोलून बसतो.

एक अभिनेत्री, पाच सिक्वेल

टपरीवरच्या वादात श्रद्धाचं नाव निघालं ते बरंच झालं, कारण तपासणीसाठी तिच्याइतकं सोयीचं उदाहरण शोधून सापडणार नाही. शक्ती कपूर आणि शिवांगी कोल्हापुरे यांची ही मुलगी, पद्मिनी कोल्हापुरे यांची भाची. २०१०मध्ये 'तीन पत्ती'तून ती पडद्यावर आली, २०११मध्ये 'लव का द एंड' केला. दोन्ही सिनेमे कधी आले नि कधी गेले, कुणाला कळलं नाही. त्यानंतर तिच्या वाट्याला एकामागून एक दुसरे-तिसरे भाग आले.

पहिला 'आशिकी २', एप्रिल २०१३. १९९०च्या 'आशिकी'शी या सिनेमाचं नातं नावापुरतं आणि गाण्यांपुरतं होतं. नायक-नायिका नवे, गोष्ट नवी. मोहित सुरी यांचा हा सिनेमा तुफान चालला आणि श्रद्धाची कारकीर्द खऱ्या अर्थानं इथून सुरू झाली.

दुसरा 'एबीसीडी २', जून २०१५. रेमो डिसूझा यांच्या या नृत्यपटाला मुंबईजवळच्या वसई-नालासोपारा पट्ट्यातल्या मुलांच्या नृत्यगटाच्या खऱ्या प्रवासाचा आधार होता. देशात त्यानं शंभर कोटींचा टप्पा ओलांडला.

तिसरा 'रॉक ऑन २'. २००८चा 'रॉक ऑन' अनेकांच्या कॉलेजच्या आठवणींचा भाग. दुसरा भाग आला ११ नोव्हेंबर २०१६च्या शुक्रवारी. ८ नोव्हेंबरच्या रात्री पाचशे आणि हजारच्या नोटा बाद झाल्या होत्या. त्या आठवड्यात लोक बँकेच्या रांगेत उभे होते, घरात जपलेली शंभराची नोट भाजीसाठी राखून ठेवत होते. तिकीटखिडकीवर कोण जाणार? अर्थात नोटाबंदी नसती तर सिनेमा धो धो चालला असता, असंही नाही. समीक्षकांनाही तो फारसा भावला नव्हता. आठ वर्षांपूर्वीच्या दोस्तीची जादू पुन्हा जमली नव्हती. पण या दोन्ही कारणांशी नायिकेचा संबंध काय?

चौथा 'बागी ३', ६ मार्च २०२०. पहिला आठवडा बरा गेला. दुसऱ्या आठवड्यात करोनामुळे थिएटरांना कुलपं लागायला लागली. १३ मार्चच्या मध्यरात्रीपासून मुंबई, पुणे, नागपूरसह मोठ्या शहरांतली सिनेमागृहं बंद झाली आणि २५ मार्चपासून सगळा देशच घरात बसला. या सिनेमाला दुसरा-तिसरा आठवडा मिळालाच नाही. तो 'कुठं चालला' असं विचारण्याआधी तो चालायला जागा कुठे होती, हे विचारायला हवं.

पाचवा 'स्त्री २'. १५ ऑगस्ट २०२४, गुरुवार. पुढे शनिवार-रविवार आणि सोमवारी रक्षाबंधन. सलग सुट्ट्या, २०१८च्या पहिल्या भागानं कमावलेलं प्रेम, तीच टोळी, तेच चंदेरी गाव. देशात या सिनेमानं पाचशे कोटींच्या पुढे मजल मारली.

('स्ट्रीट डान्सर'ला काही जण 'एबीसीडी'चाच पुढचा भाग मानतात, पण नावानं तो वेगळा आहे, म्हणून या मोजणीत धरलेला नाही.)

अभिनेत्री एकच. एकदा कारकीर्द घडवणारं यश, एकदा शंभर कोटी, एकदा सपशेल अपयश, एकदा महामारीनं मध्येच तोडलेला प्रवास आणि एकदा विक्रमी कमाई. जो भाग पाचही वेळा तोच होता, तो पाच वेगवेगळ्या निकालांचं कारण कसा असेल? कारणं बदलणाऱ्या गोष्टींत शोधावी लागतील. गोष्ट, दिग्दर्शक, तारीख, सुट्ट्या, पहिल्या भागाबद्दलचं प्रेम आणि लोकांच्या खिशाची अवस्था.

मग दुसरे भाग इतके निघतात कशासाठी?

यामागचं गणित समजून घेतलं की बराचसा गोंधळ दूर होतो. तिकिटाचे पैसे सगळेच्या सगळे निर्मात्याकडे जात नाहीत. २००९मध्ये निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यात मोठा संप झाला. तो मिटताना हिंदी सिनेमासाठी जे सूत्र ठरलं, त्यानुसार कर वजा जाता उरलेल्या कमाईतला वितरकाचा वाटा पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि त्यापुढे ३० टक्के. म्हणजे सिनेमा जितका जुना होत जातो, तितका निर्मात्याच्या बाजूचा वाटा घटतो.

अशा व्यवस्थेत पहिल्या तीन दिवसांना सोन्याचा भाव येतो. नव्या गोष्टीला लोकांपर्यंत पोहोचायला वेळ लागतो. ओळखीच्या नावाला लागत नाही. 'बागी', 'वॉर', 'बंटी और बबली' ही नावं पोस्टरवर दिसली की शुक्रवारची गर्दी अर्धी आधीच ठरलेली असते. निर्माता दुसरा भाग काढतो तो बहुतेकदा या खात्रीपोटी.

पण नाव शुक्रवार आणतं, सोमवार आणत नाही. सोमवारचा प्रेक्षक आधी पाहून आलेल्यानं 'जा' म्हटलं तरच येतो. आणि दुसऱ्या भागाची तुलना बाकी सिनेमांशी होत नाही, प्रेक्षकाच्या आठवणीतल्या पहिल्या भागाशी होते. आठवणीतला सिनेमा मूळ सिनेमापेक्षा नेहमीच थोडा जास्त चांगला असतो. त्यात दुसऱ्या भागाचा खर्च वाढलेला, म्हणून तिकीट महाग आणि अपेक्षाही महाग. इतक्या ओझ्याखाली गोष्ट कच्ची निघाली तर सिनेमा सोमवारी सकाळी बसतो.

या सगळ्या साखळीत सिक्वेल काढायचा निर्णय नायिकेचा नसतो. बहुतेक वेळा तिला तो निर्णय झाल्यावर फोन येतो.

नायक कायम, नायिका बदलती

'बागी'च्या चारही भागांत टायगर श्रॉफ आहे. पहिल्यात श्रद्धा होती. दुसऱ्यात दिशा पटानी आली. तिसऱ्यात श्रद्धा परतली, पण वेगळ्याच पात्राच्या रूपात. चौथ्यात हरनाझ आणि सोनम. 'वॉर'मध्ये हृतिक कायम राहिला. पहिल्या भागातल्या वाणी कपूरचं पात्र कथेतच मारलं गेलं आणि दुसऱ्या भागात कियारा आली.

मराठीतही हे घडलंय. रवी जाधव यांच्या 'टाइमपास'मध्ये २०१४ साली प्राजक्ता झालेली केतकी माटेगावकर घराघरांत पोहोचली. २०१५च्या दुसऱ्या भागात मोठेपणीची प्राजक्ता प्रिया बापटनं केली. तिथं दगडूही बदलला होता, प्रियदर्शन जाधव आला होता. २०२२च्या तिसऱ्या भागात दगडू म्हणून प्रथमेश परब परतला. नायिका मात्र नवी होती, हृता दुर्गुळे. गोष्टीची तशी गरज होती, असं म्हणता येईल आणि ते खरंही आहे. पण केतकी आठवणाऱ्या प्रेक्षकासमोर उभं राहायचं काम हृताला करावं लागलं, हेही तितकंच खरं.

दुसऱ्या भागात नवी येणारी नायिका म्हणजे भरल्या घरात आलेली नवी सून. घर तिनं बांधलेलं नसतं, भिंतींना आधीच पडलेल्या भेगा तिला दाखवलेल्या नसतात. स्वयंपाक बिघडला की मात्र 'आधीची बरी होती' हे पहिलं वाक्य तिला ऐकावं लागतं.

शर्वरी वाघ : पहिलं पाऊलच सिक्वेलमध्ये

श्रद्धाकडे 'रॉक ऑन २' पडला तेव्हा आधीच्या यशाची शिदोरी होती. ज्या मुलीचा पहिलाच चित्रपट सिक्वेल असतो आणि तोच पडतो, तिचं काय होतं?

शर्वरी वाघ मुंबईची मराठी मुलगी, माजी मुख्यमंत्री मनोहर जोशी यांची नात. 'प्यार का पंचनामा २', 'बाजीराव मस्तानी' अशा सिनेमांसाठी तिनं साहाय्यक म्हणून कॅमेऱ्याच्या मागे काम केलं. जानेवारी २०२०मध्ये कबीर खान यांच्या 'द फरगॉटन आर्मी' या वेबमालिकेत ती दिसली. मोठ्या पडद्यावरचं पहिलं पाऊल मात्र 'बंटी और बबली २'.

पहिला 'बंटी और बबली' २००५चा. अभिषेक बच्चन, राणी मुखर्जी, पोलिसाच्या भूमिकेत अमिताभ आणि लग्नाच्या वरातीत अजूनही वाजणारं 'कजरा रे'. दुसरा भाग आला तब्बल सोळा वर्षांनी. अभिषेकच्या जागी सैफ अली खान होता. राणी होती. सिद्धांत चतुर्वेदी आणि शर्वरी ही नवी बंटी-बबलीची जोडी. २०२०च्या जूनमध्ये यायचा सिनेमा करोनामुळे दोनदा लांबला आणि शेवटी १९ नोव्हेंबर २०२१ला आला. महाराष्ट्रातली सिनेमागृहं उघडून तेव्हा महिनाही झाला नव्हता, तीही निम्म्या क्षमतेनं. पहिल्या दिवशी देशभरात अडीच कोटींच्या आसपास कमाई झाली आणि पुढे सिनेमा सावरलाच नाही.

शर्वरीला त्याच सिनेमासाठी फिल्मफेअरचा सर्वोत्कृष्ट पदार्पणाचा पुरस्कार मिळाला. म्हणजे काम बरं होतं, एवढी पावती होती. पण तिचा पुढचा सिनेमा प्रदर्शित झाला तो थेट ७ जून २०२४ला. मध्ये अडीच वर्षं रिकामी. याचं एकमेव कारण तो सिनेमाच, असं म्हणणं चुकीचं ठरेल. करोनानंतर सगळं वेळापत्रकच विस्कटलं होतं. पण ज्या वयात आणि ज्या धंद्यात दर सहा महिन्यांनी नवा चेहरा दारात उभा राहतो, तिथं अडीच वर्षांचं मोल काय, हे वेगळं सांगायला नको. याच सिनेमातली दुसरी नायिका राणी मुखर्जी. तिचा पुढचा सिनेमा 'मिसेस चॅटर्जी वर्सेस नॉर्वे' आणि त्यासाठी तिला ७१व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा मान मिळाला. पडलेला सिनेमा तोच, अभिनेत्री दोन. जिच्यामागे पंचवीस वर्षांचं काम होतं तिला तो सहज मागे टाकता आला.

त्याच शुक्रवारी 'झिम्मा'

१९ नोव्हेंबर २०२१ या तारखेत आणखी एक धडा आहे. त्याच दिवशी हेमंत ढोमे यांचा 'झिम्मा' प्रदर्शित झाला. सात बायका आणि त्यांची परदेशातली सहल. सुहास जोशी, निर्मिती सावंत, क्षिती जोग, सुचित्रा बांदेकर, सोनाली कुलकर्णी, सायली संजीव, मृण्मयी गोडबोले. मोठं नाव नाही, जुनी पुण्याई नाही, मारामारी नाही. थिएटरं तीच, निम्म्या खुर्च्या तशाच रिकाम्या, करोनाची भीती तीच. तरीही बायका मैत्रिणींचे गट करून आल्या, पुन्हा आल्या आणि आईला घेऊन आल्या. सिनेमा चालला.

म्हणजे 'करोनामुळे पडला' हे कारणही पूर्ण पुरत नाही. लोकांना यायचं होतं, फक्त येण्यासारखं काही हवं होतं. आणि 'बायकांच्या नावावर तिकीट विकलं जात नाही' हा धंद्यातला लाडका समज त्याच शुक्रवारी खोटा ठरला. २०२३च्या नोव्हेंबरमध्ये 'झिम्मा २' आला, त्यात रिंकू राजगुरू आणि शिवानी सुर्वे नव्यानं सामील झाल्या. तोही लोकांनी पाहिला. नवी सून त्या घरात रमली, कारण कथेनं तिच्यासाठी खोली ठेवली होती.

श्रेयाची वेळ आली की?

आता हिशेबाची दुसरी बाजू. शर्वरीचा २०२४चा तो सिनेमा होता 'मुंज्या'. आदित्य सरपोतदार यांचं दिग्दर्शन, कोकणातली गोष्ट, मुंज झाल्यावर लग्नाआधीच मेलेल्या पोराचं भूत. 'झिम्मा'तल्या सुहास जोशी इथं आजी झाल्या. सिनेमानं शंभर कोटी ओलांडले. कौतुक कुणाचं झालं? संगणकावर तयार केलेल्या भुताचं, गोष्टीचं, भयपटांच्या मालिकेचं. ते रास्तच आहे. पण मग 'बंटी और बबली २' पडला तेव्हाही गोष्टीकडेच बोट दाखवायला हवं होतं ना?

'स्त्री २'च्या वेळी तर हा प्रकार उघडच झाला. आकडे वाढत गेले तसा समाजमाध्यमांवर वाद पेटला, श्रेय कुणाचं? श्रद्धाचं, राजकुमार रावचं, पंकज त्रिपाठींचं की दिग्दर्शक अमर कौशिक यांचं? ती पडद्यावर असते तरी किती वेळ, अशी मोजमापं निघाली. जिच्या पात्राला प्रेक्षकांसाठी नावसुद्धा नाही, तिच्यापुरतं तेवढं खरंही होतं. पण 'रॉक ऑन २' पडला तेव्हा ती पडद्यावर किती मिनिटं होती, हे कुणी मोजलं होतं का?

योगायोग असा, की 'स्त्री २' आला त्याच १५ ऑगस्टला शर्वरीचा 'वेदा'ही आला आणि त्या लाटेत वाहून गेला. २०२१मध्ये ती सिक्वेलमध्ये होती म्हणून हरली, २०२४मध्ये दुसऱ्या कुणाच्या सिक्वेलपुढे हरली. आता आलिया भटसोबतचा तिचा 'अल्फा' हा 'वॉर'च्याच गुप्तहेर मालिकेतला सिनेमा. त्याची डिसेंबर २०२५ची तारीख पुढे ढकलली गेली. 'वॉर २' पडला तेव्हाच अनेक चाहत्यांनी 'आता अल्फाही गेला' असं जाहीर करून टाकलं. जो सिनेमा कुणी पाहिलेला नव्हता, त्याचं अपयश दोन नायिकांच्या नावावर आगाऊ लिहून झालं.

प्रेक्षकाचा राग खोटा नाही

इथं प्रेक्षकालाच आरोपी करून थांबणं सोपं आहे, पण ते अन्यायाचं होईल. कनेरगाव नाक्यावरून कुणी सिनेमा बघायला वाशीमला किंवा हिंगोलीला जातो, तेव्हा तो फक्त तिकीट काढत नाही. पेट्रोल किंवा एसटीचं भाडं, मधल्या वेळचं खाणं, बुडालेला अर्धा रोजगार आणि रात्रीच्या परतीची काळजी, हे सगळं त्या तीन तासांवर लावलेलं असतं. शहरात शेजारच्या मॉलमध्ये सिनेमा बघणाऱ्याचं नुकसान होतं ते तिकिटाचं. याचा मात्र अख्खा दिवस जातो. म्हणून तो चिडला तर बरोबरच आहे. नावाच्या जोरावर कच्चा माल विकला गेला, ही त्याची तक्रार खरी आहे. फक्त ती तक्रार ज्याच्या दारात न्यायची, त्याचं घर त्याला माहीत नसतं. निर्मात्याचा चेहरा पोस्टरवर नसतो. लेखकाचं नाव पडद्यावर दोन सेकंद दिसतं. समोर राहतो तो नायिकेचा चेहरा, मग राग तिथंच निघतो. नायकाच्या मागे त्याच्या चाहत्यांची फौज उभी असते, त्याच्यावर बोट ठेवलं तर उत्तर द्यायला माणसं येतात. नव्या नायिकेच्या मागे कुणी नसतं.

मग नायिकेला काहीच विचारायचं नाही?

जरूर विचारायचं. तिचं काम वाईट असेल तर वाईट म्हणायचं. संवाद नीट म्हटले नाहीत, प्रसंग पेलला नाही, भूमिकेची तयारी दिसली नाही, ही टीका रास्त आहे आणि ती नायकालाही तितकीच लागू आहे. नावं बघून सिनेमे निवडले, असंही म्हणता येईल. श्रद्धानं पाच सिक्वेल केले, त्यातले सगळेच कथा बघून निवडले असतील असं मानायचं कारण नाही. 'स्त्री २'नंतर मात्र तिनं तमाशासम्राज्ञी विठाबाई नारायणगावकर यांच्यावरचा, लक्ष्मण उतेकर यांचा चित्रपट स्वीकारला. तिथं ती जमली का, हे बघताना प्रेक्षकानं कठोर व्हावं. कारण ती भूमिका सर्वस्वी तिची असेल.

घराणेशाहीचा प्रश्नही टाळता येत नाही. एक अभिनेत्याची मुलगी, दुसरी मुख्यमंत्र्यांची नात. दोघींनाही पहिल्या अपयशानंतर उभं राहायला जागा मिळाली. पण हा मुद्दा चाहत्यांच्या निकालपत्राविरुद्धच जातो. पाठीशी घर असलेल्या मुलीलाही एका पडलेल्या सिक्वेलनंतर अडीच वर्षं मोठ्या पडद्यापासून दूर राहावं लागत असेल, तर अकलूजहून, परभणीहून किंवा हिंगोलीहून आलेल्या मुलीचं काय होईल? तिला पहिलीच संधी अशा सिनेमात मिळाली आणि तो पडला, तर दुसरी मिळेल याची खात्री कोण देणार?

टपरीवरचा शेरा आता कुठे जातो?

२००५मध्ये 'बंटी और बबली' बघून आलेल्या माणसानं टपरीवर काही म्हटलं, तर ते चहाच्या ग्लासाबरोबर तिथंच विसळलं जायचं. आज तोच शेरा मोबाइलवरून रील होतो, मीम होतो आणि हजार फोनमध्ये फिरतो. पुढच्या सिनेमासाठी चेहरा निवडणारी माणसंही तेच फोन वापरतात. 'ही असली की सिनेमा पडतो' हे वाक्य पुरेशा वेळा फिरलं, की ते कुणाला तरी कारण म्हणून पुरतं. मग एक फोन येत नाही आणि तो का आला नाही, हे त्या मुलीला कधीच कळत नाही.

म्हणून पुढच्या वेळी एखादा सिक्वेल पडला, तर शेरा टाकण्याआधी मोटर तपासतो तसं चार गोष्टी तपासून बघाव्यात. गोष्ट कुणाची होती? पहिल्या भागातलं काय काढून टाकलं? सिनेमा कोणत्या आठवड्यात आला? आणि नायिकेला करण्यासारखं काही लिहिलं तरी होतं का? या चारही ठिकाणी सगळं ठीक असेल, तर मग तिच्या अभिनयाकडे वळावं.

कनेरगाव नाक्यावरच्या तिघांपैकी दोघे वाशीमच्या गाडीत चढले. तिसरा मागे राहिला, त्याला हिंगोलीकडे जायचं होतं. मोबाइल त्याचाच. 'बागी ४' अजून अर्धा तास उरला होता. त्यानं तो बंद केला आणि शोधून 'मुंज्या' लावला.